चौसष्ट स्विच, सोळा तारा

पिनबॉलच्या, म्हणजे चेंडू उडवून गुण मिळवण्याच्या खेळाच्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक्स आले आणि देखभालीची कटकट संपली, हा समज अर्धाच खरा आहे. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोच्या कारखान्यांनी मायक्रोप्रोसेसर स्वीकारला, तेव्हा झिजणारे असंख्य रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारे स्विच, गेले. परंतु बिघाड नुसत्या डोळ्यांनी शोधण्याची सोयही त्यांच्याबरोबर गेली.

विल्यम्स कंपनीच्या 1990च्या दशकातील यंत्रांचेच पाहा. चेंडू कोठे आपटला हे सांगणाऱ्या 64 स्विचांसाठी त्यांत 64 तारा नसतात. 8 उभे रकाने आणि 8 आडव्या ओळी अशा 16 तारांची जाळी असते आणि प्रत्येक छेदावर एक स्विच बसतो. प्रोसेसर एका वेळी एकच रकाना चालू करतो, आठही ओळी वाचतो आणि लगेच पुढच्या रकान्याकडे वळतो.

या काटकसरीत एक अडचण दडलेली आहे. पहिल्या रकान्यातील पहिल्या व दुसऱ्या ओळीचे स्विच आणि दुसऱ्या रकान्यातील पहिल्या ओळीचा स्विच एकाच वेळी दाबले गेले, असे समजा. आता दुसरा रकाना वाचताना विद्युतप्रवाह पहिल्या ओळीत येतो, तेथील पहिल्या स्विचमधून उलटा पहिल्या रकान्यात शिरतो आणि दुसऱ्या ओळीत उतरतो. परिणामी दुसऱ्या रकान्यातील दुसऱ्या ओळीचा स्विच, चेंडू तिकडे फिरकलाही नसताना, दाबल्यासारखा भासतो. हा उलटा प्रवास रोखण्यासाठी प्रत्येक स्विचला एकेक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, जोडलेला असतो.

डायोड शॉर्ट झाला, म्हणजे दोन्ही दिशांनी प्रवाह सोडू लागला, की यंत्र आपोआप गुण देऊ लागते, आणि मग त्याला चापटी मारणे किंवा महागडा बोर्ड बदलणे सुरू होते. वास्तविक यात गूढ काहीच नाही: खोटे बोलणारा स्विच निर्दोष असतो आणि बिघडलेला डायोड या चार स्विचांच्या आयतात त्याच्या समोरच्या, म्हणजे कर्णावरच्या कोपऱ्यात सापडतो. ज्या रचनाकारांनी रकान्यांना हिरव्या आणि ओळींना पांढऱ्या मूळ रंगाच्या तारा दिल्या, जाळीचा तक्ता पुस्तिकेत छापला आणि यंत्रातच स्विचची चाचणी ठेवली, त्यांनी हा शोध मिनिटांवर आणला. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

त्याच यंत्रांत स्मृती टिकवण्यासाठी तीन पेन्सिल सेल मात्र थेट प्रोसेसरच्या बोर्डावर बसवले होते. सेल गळले की त्यातील क्षार शेजारच्या, नेमक्या ही जाळी वाचणाऱ्या चिपांच्या तांब्याच्या रेषा खातो. म्हणून जाणते कारागीर सेलचा खण तारा जोडून बोर्डापासून दूर, त्याच्या खालच्या बाजूला बसवतात.