ओला नसलेला समुद्र

‘पृथ्वीच्या पोटात महासागर सापडला!’ ही २०१४ची बातमी अधूनमधून पुन्हा ‘ताजी’ होते. परवा ती आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आली आणि काकांनी लगेच शिक्का मारला, ‘आपल्याकडे पाताळ म्हणतात ते हेच.’ काका, तिथे लाट नाही, साधा थेंबही नाही!

बातमीच्या मुळाशी होता ब्राझीलमधल्या जुइना भागातल्या एका हिऱ्यात मिळालेला रिंगवूडाइट खनिजाचा सूक्ष्म कण. हे खनिज जमिनीखाली सुमारे ५२० ते ६६० किलोमीटरवर असतं. कणात वजनाने दीड टक्क्याच्या आसपास पाणी होतं. पण हे पाणी म्हणजे स्फटिकातली खोट.

शाळेतला प्रभारांचा हिशेब आठवा. या स्फटिकात प्रत्येक मॅग्नेशियमभोवती सहा ऑक्सिजन असतात. एखादा मॅग्नेशियम जागेवर नसला की दोन धन प्रभार कमी पडतात. ती तूट दोन हायड्रोजन भरून काढतात आणि शेजारच्या ऑक्सिजनना चिकटतात. झालं ‘पाणी’! पण मॅग्नेशियमने सहाही ऑक्सिजन धरून ठेवले होते. हायड्रोजन एकालाच घट्ट धरतो, पलीकडच्याशी त्याचं नातं जेमतेम. वाड्याचा मधला खांब काढून तिथे दोन खुंट्या ठोकाव्यात, तसं. म्हणून स्फटिक लवकर दबतो. कोरड्या रिंगवूडाइटचा आकारमान स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे दबण्याला होणाऱ्या विरोधाचं माप, सुमारे १८५ गिगापास्कल (एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट). दोन टक्के पाण्याने तो दहा टक्क्यांच्या आसपास घसरतो. लहरींचा वेग ताठरपणा आणि घनता या दोन्हींवर ठरतो. घनताही घटते, पण ताठरपणापेक्षा कमी; त्यामुळे भूकंपलहरी मंदावतात.

स्फटिक दोन हिऱ्यांच्या टोकांत दाबून क्ष-किरणांनी अणूंमधली अंतरं मोजता येतात. तशी सोय आपल्याच गावात, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर आहे. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, त्यामुळे क्ष-किरणांना तो जवळपास दिसतच नाही. दिसते ती मॅग्नेशियमची रिकामी जागा. हायड्रोजन पकडायला अवरक्त प्रकाश लागतो.

खरी गोम पुढेच आहे. त्या खोलीवरच्या वीसेक गिगापास्कल दाबाखाली या पोकळ्या आधी चेपल्या जातात, ओला स्फटिक कोरड्यापेक्षा झपाट्याने ताठर होतो आणि लहरींच्या वेगातला फरक पुसट होत जातो. शिवाय उष्णतेनेही लहरी मंदावतात. म्हणून भूकंपशास्त्रज्ञ पाण्याबद्दल जपून बोलतात. आमच्या माळव्यात तळहातावर नारळ उभा करून बोअरिंगची जागा दाखवणाऱ्यांना अशी अडचण कधीच येत नाही!

मग लहरींच्या जोडीला विद्युतवाहकता मोजतात, कारण हे हायड्रोजन तापलेल्या स्फटिकात एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारत वीज वाहून नेतात.