प्रतिसाद-निरोध

सुरू होऊ घातलेली किंवा नुकतीच सुरू झालेली हालचाल ऐन वेळी रद्द करण्याची मेंदूची क्षमता. रस्ता ओलांडायला उचललेला पाय हॉर्न ऐकताच मागे येतो, ओठांवर आलेला शब्द गिळला जातो, ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूकडे निघालेली बॅट फलंदाज शेवटच्या क्षणी वर घेतो. ही सगळी तिचीच रूपे. बोलण्यात आपण याला ‘मनावर ताबा’ म्हणतो, पण तो शब्द फार ऐसपैस आहे. महिनाभर गोड न खाणे आणि पाव सेकंदात हात आवरणे ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत. ही नोंद मुख्यतः दुसऱ्याविषयी.

थांबणे म्हणजे नुसते काही न करणे नव्हे. ती स्वतंत्र क्रिया असून तिलाही वेळ लागतो. तो मोजण्यात मात्र एक गंमतशीर अडचण आहे : माणूस यशस्वीपणे थांबला, तर घड्याळ लावायला समोर काहीच घडत नाही. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवान या संशोधकांनी 1984 मध्ये यावर शर्यतीची कल्पना मांडली. पडद्यावर बाण दिसला की त्या बाजूचे बटण दाबायचे. पण साधारण चारांतून एकदा, बाण दिसल्यानंतर क्षणभराने, ‘थांबा’ अशी खूण होते. आता ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन प्रक्रिया धावू लागतात आणि जी आधी पोहोचेल ती जिंकते. खूण जितकी उशिरा, तितके थांबणे अवघड. समजा, एखाद्याला बटण दाबायला सामान्यतः 450 मिलिसेकंद लागतात आणि खूण 200 मिलिसेकंद उशिरा दिली असता तो निम्म्या वेळा थांबू शकतो. तर शर्यत बरोबरीची झाली, म्हणून त्याचा थांबण्याचा वेळ 450 वजा 200, म्हणजे सुमारे 250 मिलिसेकंद धरतात. निरोगी तरुणांत हा आकडा साधारण 200 ते 250 च्या घरात येतो. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात येतो, हे लक्षात घेतले की चेंडू सोडणे हीसुद्धा फलंदाजी का मानतात ते कळते.

मेंदूतील वाट थोडक्यात अशी. बेसल गँग्लिया हा मेंदूत खोलवर असलेला, हालचालींचे नियंत्रण करणारा पेशीपुंजांचा समूह. त्यातील ग्लोबस पॅलिडस या पुंजाचा आतला भाग थॅलॅमसला, म्हणजे हालचालीचे संदेश पुढे धाडणाऱ्या केंद्राला, एरवी दाबूनच ठेवतो; म्हणजे गाडी ब्रेक लावूनच उभी असते. हालचाल करायची तर हा दाब नेमक्या जागी सैल होतो. थांबायचे ठरले की उजव्या ललाटखंडातील (कपाळामागच्या भागातील) इन्फिरियर फ्रंटल जायरस ही घडी आणि मध्यरेषेलगतचा, हालचालींच्या तयारीशी निगडित प्री-एसएमए हे भाग सबथॅलॅमिक न्यूक्लियस या बेसल गँग्लियातल्याच पुंजाला संदेश देतात आणि तो दाब पुन्हा वाढवतो. ललाटखंडातून थेट येणारी ही वाट नेहमीच्या वळणाच्या मार्गापेक्षा जवळची असल्याने तिला ‘हायपरडायरेक्ट’ म्हणतात. अशा घाईत लावलेला ब्रेक मात्र सरसकट लागतो : बोलणे एकदम थांबवले तर त्याच क्षणी हाताच्या स्नायूंची उत्तेजनक्षमताही घटलेली आढळते.

ललाटखंडाचा विषय निघाला की फिनीअस गेजची कथा हटकून सांगितली जाते. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गाचे काम चालू असताना सुरुंग उडून लोखंडी पहार त्याच्या कवटीतून आरपार गेली. तो वाचला, पण तोंडाळ आणि लहरी झाला, असे त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले. या नोंदीसाठी हे उदाहरण तितकेसे चपखल नाही. इजा मुख्यतः डाव्या बाजूला होती, आणि पुढे काही वर्षे त्याने चिलीमध्ये घोडागाडी हाकली. आवर पार सुटलेल्या माणसाला हे काम झेपणे कठीण. त्यापेक्षा बोलका पुरावा 2003 मधला : अ‍ॅडम अ‍ॅरन व सहकाऱ्यांना असे दिसले की उजव्या इन्फिरियर फ्रंटल जायरसची हानी जितकी जास्त, तितका रुग्णाला थांबायला वेळ जास्त. सबथॅलॅमिक न्यूक्लियसला पक्षाघातात इजा झाली तर शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात किंवा पाय आपोआप जोराने भिरकावला जातो.

सगळे संशोधक या चित्राशी सहमत नाहीत. उजवा ललाटखंड खरोखर ब्रेक लावतो, की अनपेक्षित खुणेकडे फक्त लक्ष वेधतो, हा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय निरोध नेहमी शेवटच्या क्षणाचाच असतो असे नाही. खो-खोमध्ये पाटीवर बसलेला खेळाडू उठण्याच्या पूर्ण तयारीत असतो, पण ‘खो’ मिळण्याआधी उठला तर तो नियमभंग. तिथे ब्रेक आधीपासूनच हलका दाबून धरलेला असतो.

लहान मुलांना थांबायला जास्त वेळ लागतो, तारुण्यात तो घटतो, म्हातारपणी पुन्हा वाढतो. एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता यांचा विकार) असलेल्यांत तो सरासरीने जास्त आढळतो. पण त्यांचे साधे प्रतिसादही संथ आणि कमी-जास्त वेगाचे असतात, त्यामुळे एकट्या या चाचणीवरून निदान करत नाहीत. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांत डोपामाइन या मेंदूतील रसायनासारखे काम करणाऱ्या काही औषधांनी जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागू शकतो. हा दोष स्वभावाचा नसून औषधाचा असू शकतो, हे घरच्यांना वेळीच सांगणे गरजेचे असते. आणि प्रयोगशाळेत झटकन थांबणारा माणूस स्वतःविषयीच्या प्रश्नावलीत संयमी ठरेलच असे नाही. या दोन मापांचा एकमेकांशी मेळ फारच कमी बसतो.