गाओकाओतला इंग्रजीचा पेपर: अर्ज कुठे, कागद कोणते, परीक्षा कशी

चीनमध्ये विद्यापीठाची वाट मुख्यतः गाओकाओतूनच जाते. दरवर्षी ७ जूनला सुरू होणाऱ्या या परीक्षेसाठी २०२४ साली १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं. बहुतेक प्रांतांत एकूण गुण ७५०, त्यातले १५० परकीय भाषेचे. इंग्रजी, रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांतली कुठलीही एक घेता येते, पण बहुसंख्य मुलं इंग्रजीच घेतात.

इंग्रजीसाठी वेगळा अर्ज नसतो. गाओकाओचाच फॉर्म भरायचा आणि त्यात भाषा निवडायची. नोंदणी साधारणपणे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, प्रांताच्या परीक्षा कार्यालयाच्या संकेतस्थळावर होते.

पात्रतेच्या अटी मोजक्याच आहेत: बारावीच्या तोडीचं शिक्षण पूर्ण झालेलं किंवा त्याच वर्षी होणारं हवं. वयाची आणि अविवाहित असण्याची अट २००१ साली गेली. आधीच विद्यापीठात शिकणाऱ्यांना बसता येत नाही. शाळेच्या खालच्या वर्गातल्या मुलांनाही नाही.

खरी मेख आहे ती हुकोऊची. हुकोऊ म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंदवही. आपलं रेशनकार्ड आणि अधिवास दाखला एकाच पुस्तिकेत शिवले, तर जे होईल ते. हुकोऊ जिथलं, नोंदणी तिथली. आईबाप कामासाठी दुसऱ्या शहरात राहत असतील आणि मूल तिथेच शिकलं असेल, तरी परीक्षेला बऱ्याचदा गावी परतावं लागतं. २०१२ नंतर प्रांतांनी अशा मुलांसाठी सवलती आणल्या, पण त्याला शाळेतली हजेरी, पालकांची नोकरी, विम्याचे हप्ते अशा अटी आहेत आणि त्या प्रांतागणिक बदलतात. ही चौकशी अकरावीतच करावी. बारावीत कळून फार काही करता येत नाही.

कागदपत्रं अशी: ओळखपत्र, हुकोऊची पुस्तिका, शाळेचा दाखला. सवलतीत बसायचं असेल तर त्याचे पुरावे. त्याशिवाय वैद्यकीय तपासणी आणि कॉपी करणार नाही अशी लेखी हमी. ही हमी नुसती औपचारिक नाही. २०१५च्या दुरुस्तीनंतर अशा परीक्षांत संघटित कॉपी करवणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि गंभीर प्रकरणात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता पेपर. तो ८ जूनला दुपारी ३ ते ५ असतो. सुरुवातीलाच श्रवण चाचणी असेल तर २:४५ नंतर आत सोडत नाहीत. इतर विषयांना सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत चालतं, इंग्रजीला मात्र आधीच फाटक बंद. नीटला दीडला बंद होणारं फाटक ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सांगायला नको. श्रवण चाचणीच्या वीसेक मिनिटांत आजूबाजूला हॉर्न वाजवू देत नाहीत, बांधकामही थांबवतात. पहिले पाच संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे दोनदा. आत नेताना हॉल तिकीट, ओळखपत्र, २बी पेन्सिल, काळं पेन. फोन बाहेरच.

राष्ट्रीय पेपरमध्ये श्रवण ३०, वाचन ५०, भाषेचा वापर ३०, लेखन ४०. लेखनात एक पत्र असतं आणि बहुतेक वेळा ते ‘ली हुआ’ नावाच्या मुलाने लिहायचं असतं. उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव यायला नको, म्हणून हा काल्पनिक ली हुआ. वर्षानुवर्षं परदेशी मित्रांना पत्रं लिहून तो दमला कसा नाही, असा विनोद चिनी मुलं करतात. दुसऱ्या प्रश्नात अर्धी गोष्ट देतात. तिचे पुढचे दोन परिच्छेद आपण लिहायचे.

बोलण्याची चाचणी मात्र सगळीकडे गुणांत धरत नाहीत. बीजिंगमध्ये ऐकणं-बोलणं संगणकावर, ५० गुणांचं, आणि दोन संधींपैकी चांगले गुण धरतात. शांघायला बोलण्याचे १० गुण. तिथे इंग्रजीचा पेपरच जानेवारी आणि जूनमध्ये दोनदा देता येतो. बाकी बऱ्याच ठिकाणी बोलण्याची चाचणी इंग्रजी विषय घेऊन पुढे शिकू पाहणाऱ्यांनाच लागते. नोंदणीच्या वेळी त्या रकान्यावर खूण केली नाही, तर नंतर ती संधी गेली.

निकाल जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास लागतो. काही अभ्यासक्रम एकूण गुणांशिवाय इंग्रजीचे किमान गुणही मागतात, तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी ते पाहून घ्यावं. परदेशी जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी आयईएलटीएस किंवा टोफेल वेगळी द्यावी लागते. तिचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे ती दहावीतच उरकून ठेवण्यात अर्थ नाही.