दुकानाच्या पत्त्याने ‘जीआय’ मिळत नाही

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (‘जीआय’, म्हणजे ठरावीक प्रदेशाशी जोडलेल्या मालाची कायदेशीर ओळख) मिळाले आहे, तेव्हा कोल्हापुरात दुकान असलेल्या कोणालाही फलकावर ‘जीआय’ लिहिता येते, आणि आठवडी बाजारात बसणाऱ्या कारागिराला मात्र ते परवडत नाही, असा समज बराच काळ फिरत आहे. मानांकन मिळाले हे खरे, बाकी त्यातले काहीच खरे नाही.

१९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार मानांकनाची नोंद एक गोष्ट आणि त्याचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून होणारी व्यक्तीची नोंद दुसरी. ही दुसरी नोंद झाल्याखेरीज मानांकनाचा उल्लेख जाहिरातीसाठी करण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय हे मानांकन एकट्या कोल्हापूरचे नाही: सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हेही त्यात आहेत, त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातील अथणीच्या कारागिराला ‘नकली’ ठरवणे (आपल्याकडे हे सर्रास चालते) चुकीचे आहे.

खर्चाचे म्हणाल, तर वापरकर्ता-नोंदणीचे शुल्क नियमांतील २०२० च्या दुरुस्तीने पाचशेवरून दहा रुपयांवर आले आणि नोंद दहा वर्षे, किंवा मानांकनाची मुदत त्याआधी संपली तर तोपर्यंत, चालते. छापील बॅनरवर हजारो रुपये घालण्यापेक्षा ही नोंद आधी करावी, कारण एवढी स्वस्त आणि कायद्याचे पाठबळ असलेली जाहिरात दुसरी नाही. तिच्या जोडीला प्रत्येक जोडासोबत एक साधी चिठ्ठी द्यावी: कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले आहे, शिलाई चामड्याच्या वादीची आहे, खिळा नाही, चप्पल पाण्यापासून जपावी. अर्थात, आपल्या मालाला जे लागू असेल तेवढेच लिहावे.