खाजन, मानस आणि कोरगुट: गोव्याच्या खाऱ्या शेतीची पार्श्वभूमी

दर पावसाळ्यात गोव्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमक्या गावात बांध फुटला, खारे पाणी शेतात शिरले, शेतकऱ्यांनी नुकसानभरपाई मागितली. कधी तिसवाडी, कधी बारदेश, कधी साष्टी. तालुक्याचे नाव तेवढे बदलते. वाचणाऱ्याला वाटते, रस्ता खचला किंवा गटार तुंबले तसाच हा प्रकार. कंत्राटदाराला चार शिव्या घालून आपण पान उलटतो. पण हा बांध एका जुन्या आणि फार हुशारीने जुळवलेल्या यंत्रणेचा केवळ एक अवयव आहे. भात, मासे, मीठ आणि खारफुटी या चारही गोष्टी तिने शतकानुशतके एकाच जागी सांभाळल्या. आज एला येथील कृषी संशोधन केंद्रातून येणारी नवी बियाणी, बांधदुरुस्तीच्या सरकारी योजना आणि शेतजमिनीचे नवे कायदे हे सगळे त्याच यंत्रणेची पडझड भरून काढण्यासाठी चालले आहे. म्हणून ती मुळात कशी होती आणि कुठे बिघडली, हे पाहावे लागते.

गोव्याचा शेतकरी भातजमिनीचे ढोबळ तीन प्रकार मानतो. चढावरची मोरड, मधली रेताड खेर आणि नदीकाठची सखल खाजन. खाजन जमीन सुमारे 18,000 हेक्टर भरते, त्यातली बरीचशी मांडवी आणि जुवारी यांच्या खाडीपट्ट्यात. या नद्यांत भरतीचे पाणी 40 किलोमीटरहून अधिक आत चढते आणि उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 2 मीटरच्या पुढे जातो. खाजनातली पुष्कळ शेते भरतीच्या पातळीखाली आहेत. बांध काढून टाकला तर दिवसातून दोनदा ती खाऱ्या पाण्यात बुडतील.

हे काम फार जुने आहे. कोकणच्या मौर्य घराण्यातील राजा अनिर्जितवर्मा याचा बांदोडे येथील ताम्रपट साधारण सहाव्या-सातव्या शतकातला मानतात. त्यात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो, आणि बांध घालून समुद्राचे पाणी अडवायचे, त्यातून शेत करायचे, ही अपेक्षाही. म्हणजे तेव्हाच ही विद्या राजाने दानपत्रात घालावी इतकी ठाऊक झालेली होती.

बांध म्हणजे चिखल, पेंढा, बांबूच्या मेढी आणि बाहेरच्या अंगाला जांभ्या दगडाचे अस्तर. त्यात विशेष काही नाही, असे बांध जगात सगळीकडे घालतात. खरी करामत बांधातल्या दरवाज्याची, म्हणजे मानशीची. चिऱ्यांच्या भक्कम चौकटीत लाकडी झडपा बसवलेल्या असतात, आणि त्या फक्त नदीच्या बाजूला उघडतात. ओहोटीला नदी उतरली की आत साठलेल्या पावसाच्या पाण्याचा दाब झडप बाहेर ढकलतो आणि पाणी नदीत निघून जाते. भरती चढू लागली की नदीचेच पाणी तीच झडप मागे रेटून चौकटीवर घट्ट बसवते. जेवढी भरती मोठी, तेवढे दार पक्के. ना वीज लागते, ना राखणदार. मासे किंवा मिठासाठी खारे पाणी हवे असेल तेव्हा फळी उचलून हवे तेवढेच आत घ्यायचे.

मानशीच्या आतल्या अंगाला पोय असते. नवख्या माणसाला ते साचलेले डबके वाटेल, पण खाजनाचे निम्मे गणित तिच्यात आहे. आषाढात कधी मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी येते. दार बंद, आणि वरून पाणी चालूच. तेवढे तास ते पाणी पोयीत मावले पाहिजे, तरच भात वाचतो. आज कित्येक पोयी गाळाने उथळ झाल्या आहेत, काहींच्या कडेला भराव पडला आहे. मग वस्तीत पाणी घुसले की दोष पावसाला.

पोयीत मासळी वाढते: शेवटे, काळुंदर, चोणक, तामसो, सुंगटे, कुर्ल्या. रात्रीच्या ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरतात. हा मासेमारीचा हक्क गाव लिलावाने देई. गोव्यात त्याला पावणी म्हणतात. पावणीचा पैसा गावाच्या तिजोरीत जाई आणि बांधाच्या डागडुजीचा खर्च त्यातून निघे. बांधाबाहेर खारफुटी राखलेली असे, कारण लाटेचा पहिला मार ती घेते आणि माशांची पिल्ले तिच्या मुळांत वाढतात. निसर्ग वाचवा असे सांगायला तेव्हा कुणी येत नव्हते. खारफुटी तोडली तर बांध जातो, बांध गेला तर ताटातला भात जातो, एवढे पुरेसे होते.

भात तरी कुठला? कोरगुट. उंच वाढणारा, दाण्याला कुसळे असलेला, आतून तांबूस. आसगो, मुणो अशी आणखीही जुनी नावे वयस्कर शेतकऱ्यांच्या तोंडी येतात, पण खाजनाचा राजा कोरगुटच. याचे वेळापत्रक मिठावर चालते. उन्हाळ्यात जमिनीच्या वरच्या थरात क्षार येऊन बसतात. मृगाचे पाऊस पडून ते धुऊन मानशीवाटे नदीत गेले, की मग मोड आणलेले बी शेतात. घाई केली तर रोप करपते. उशीर केला तर शेवटी पाऊस ओसरून क्षार पुन्हा वर येतात आणि दाणा पोचट राहतो. कोरगुटाचे उत्पन्न कमी, हे खरेच. पण खारेपणा सोसणारा, आणि खताचा लाड नसलेला. त्याच्या उकड्या तांदळाची पेज ज्यांनी खाल्ली आहे त्यांना आणखी सांगायला नको. कारवारच्या पलीकडे अघनाशिनीच्या खाडीत कग्गा, केरळात पोक्काळी, ही त्याचीच भावंडे. उत्तरेला रायगड-रत्नागिरीतही खार जमिनी आहेत; तिथे बांधांची जबाबदारी 1948 च्या खार जमीन कायद्याने बरीचशी सरकारकडे गेली. गोव्याची वाट वेगळी होती.

ती वाट म्हणजे गावकारी. गावची जमीन सामायिक, गावकार तिचे हक्कदार, शेते ठरावीक मुदतीसाठी पावणीने कसायला दिली जात, आणि बांध, मानस, तळी, देऊळ यांचा खर्च सामायिक उत्पन्नातून. 1526 मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने या चालीरीती नोंदवणारी सनद, म्हणजे फोराल, तयार केली. पोर्तुगीजांना गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सोळा वर्षे झाली होती, त्यामुळे जे नोंदले गेले ते त्यांच्या आधीपासूनचे होते. पुढे गावकारीची कोमुनिदाद झाली आणि 1904 मध्ये तिची स्वतंत्र संहिता आली. गोमंतकात जन्मलेले दामोदर कोसंबी यांनी 1947 मध्ये जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतल्या, या ग्रामसंस्थेवर अभ्यासपूर्ण निबंध लिहिला.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट बहुतेक लेखांतून गाळली जाते, ती इथे सांगितलीच पाहिजे. गावकार मूठभर होते. कमरेएवढ्या चिखलात उतरून बांध घालणारे हात गावडे-कुणब्यांचे आणि इतर कष्टकऱ्यांचे होते, आणि गावच्या बैठकीत त्यांना आवाज नव्हता. यंत्रणा उत्तम होती, न्यायाची होती असे नाही.

मिठाची गोष्ट वेगळ्या कारणाने बिघडली. 26 डिसेंबर 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात मुरगाव बंदर आणि रेल्वेच्या बदल्यात गोव्यातल्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. 1892 मध्ये करार संपला, पण बंद पडलेली सगळी आगरे पुन्हा उभी राहिली नाहीत. आज पेडण्यातील आगरवाडा, नेरूल, रायबंदर अशा मोजक्या भागांत ती दिसतात, आणि पणजीत रस्त्याच्या कडेला ते मीठ पिशवीने विकायला असते.

मुक्तीच्या आधीपासूनच गोवा तांदळाला बाहेरच्यांवर अवलंबून होता. 1954 नंतर भारताने आर्थिक कोंडी केली तेव्हा बोटींनी धान्य आणावे लागले. 19 डिसेंबर 1961 नंतर साहजिकच दोन गोष्टी तातडीच्या ठरल्या: धान्य वाढवणे आणि कुळाला जमीन देणे. पहिल्यासाठी जया आणि ज्योती हे अधिक उत्पन्नाचे वाण आले. जया 1968 मध्ये प्रसारित झाला आणि आजही गोव्याच्या गोड्या जमिनीत तो भरपूर दिसतो. खाजनात मात्र, जिथे बांध पक्का तिथेच हे वाण टिकले. पण त्यांची चटक लागली आणि कोरगुटाचे बी घराघरांतून कमी होत गेले.

दुसऱ्यासाठी 1964 चा कूळ कायदा आला आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी मिळाली. हा न्यायच होता. वर म्हटलेल्या चिखलात उतरणाऱ्यांना निदान कागदावर तरी जमीन मिळाली. पण शेत एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारावर, ज्याच्या नावावर चढले, त्याच्या नावावर बांध चढला नाही. मानस आणि पोय कुणाच्याच नाहीत. 1975 च्या नियमांनी ही जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे दिली, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा ठरला. कोमुनिदादीने अंग काढून घेतले, संघटना बहुतेक ठिकाणी कागदावर राहिल्या. खाजनाला मालक मिळाले, वाली गेला.

यानंतरची घसरण पावणीतून सुरू झाली. मानशीच्या मासळीला, विशेषतः सुंगटांना, भात देईल त्याच्या कितीतरी पट भाव येऊ लागला. पावणी घेणाऱ्याला दार जास्त वेळ उघडे हवे, भातवाल्याला बंद हवे. पूर्वी हे भांडण सोडवायला एकच गाव होते, दोन्हीकडचा नफा-तोटा त्याच तिजोरीत जात होता. आता तसे कुणी नाही. एकदा शेतात खारे पाणी साचू दिले की पुढचे हंगाम ती जमीन भाताला रुसते. शेत पडीक पडते, भरतीबरोबर खारफुटीचे बी येते आणि काही वर्षांत तिथे रान उभे राहते. त्यात खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी मांडवी-जुवारीचे बांध दशकानुदशके धुतले.

आणि इथे कायदा एका विचित्र पेचात सापडतो. किनारी क्षेत्र नियमनाची 1991 ची अधिसूचना आणि 2011 ची सुधारित अधिसूचना खारफुटीला संरक्षण देतात, ते योग्यच. 2011 च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा नाव घेऊन उल्लेख आहे: त्यांचे नकाशे करा, व्यवस्थापन आराखडा करा, खाजनात विकासकामे नकोत. पण शेतात उगवलेली खारफुटीही खारफुटीच. ती काढून पुन्हा भात लावू म्हणणारा शेतकरी गुन्हेगार ठरू शकतो. वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात गोव्यात 27 चौरस किलोमीटर खारफुटी नोंदली आहे. हिरवा आकडा वाढला की आनंद होतो, पण त्यातला काही हिस्सा कालपरवापर्यंत कुणाच्या तरी पेजेचा होता. खारफुटी बांधाबाहेर हवी, बांधाच्या आत तिचे रान होणे म्हणजे यंत्रणा मोडल्याची खूण.

मग नवे संशोधन कुठे उपयोगी पडते? एला येथील संस्था भारतीय कृषी संशोधन परिषदेची. 1989 मध्ये ती स्वतंत्र झाली आणि 2014 पासून केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था या नावाने चालते. तिथल्या शास्त्रज्ञांनी बाहेरचा वाण आणून खाजनात बसवण्याचा हट्ट सोडला आणि कोरगुटाच्याच स्थानिक बियाण्यातून सरस रोपे निवडत नेली. त्यातून गोवा धान 1 आणि गोवा धान 2 हे वाण निघाले: खारेपणा सोसण्याची कोरगुटाची ताकद राखून उत्पन्न वाढवलेले. केरळच्या पोक्काळीतला मीठ सोसण्याचा गुण ओळखून तो जगभरच्या भातवाणांत घालण्याचे काम चालूच आहे. साल्टॉल हे त्या जनुकभागाचे नाव. गावठी म्हणून मागे टाकलेल्या बियाण्याकडे प्रयोगशाळेला परत यावे लागले.

दारांच्या बाबतीत मला इतका उत्साह वाटत नाही. लाकडी झडप कुजते, दर काही वर्षांनी बदलावी लागते, म्हणून काँक्रीट आणि लोखंड सोयीचे वाटते. पण वर-खाली सरकवायचे लोखंडी दार बसवले की भरतीच्या वेळी ते पाडायला माणूस लागतो, आणि उधाण मध्यरात्रीही येते. आपोआप चालणारे दार काढून हाताने चालवायचे बसवणे ही सुधारणा कशी, हे सांगणारा अभियंता मला अजून भेटलेला नाही. झडपेचे साहित्य बदला, तिची बाहेरच्या बाजूला उघडण्याची रीत ठेवा, एवढे करता येण्यासारखे आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत सीमा बंद झाल्या आणि बेळगावची भाजी, घाटावरचे दूध अडले, तेव्हा गोव्यात आठवडाभर दुकानांची फळ्या-कपाटे रिकामी होती. त्या वर्षी अनेक गावांत तरुण पडीक शेतात उतरले, क्लब आणि चर्चच्या पुढाकाराने सामूहिक भातशेतीही झाली. 2023 मध्ये विधानसभेने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. विक्री त्याने अडेल. पडीक शेत त्याने पिकत नाही. गोवा धानाचे बी एलाहून आणणे हे सगळ्यात सोपे काम आहे. मृगाआधी मानस कोण दुरुस्त करणार, पोयीतला गाळ कोण काढणार आणि पावणी घेणाऱ्याने दार कधी बंद ठेवायचे, हे कूळ संघटनेच्या बैठकीत ठरायचे असते. पुष्कळ गावांत त्या बैठकीचा कोरमच भरत नाही.