अहिराणीची नोंद: साच्यापासून रेकॉर्डरपर्यंत

इंग्रज अमदानीतल्या ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात प्रत्येक बोलीसाठी साचा ठरलेला होता: बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर, एक स्थानिक उतारा आणि 241 शब्द-वाक्यांची यादी. नमुने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाले.

त्याच्या 1907 च्या खंडात खानदेशी, म्हणजे खानदेशातली अहिराणी, छापली गेली ती भिल्ल भाषांच्या शेजारी. ही बोली भिल्ल, गुजराती की मराठी, हा गुंता तिथून आहे. अहिराणीतलं 'शे' (आहे) ऐकलं की गुजरातीतलं 'छे' आठवतं, 'माले' (मला) मराठीपासून हातभरावर. पण भिल्ल हे नाव समाजाचं. त्याखाली भाषेचं कूळ लावणं पटत नाही. त्यात 'खानदेशी' हे मुलखाचं नाव आणि 'अहिराणी' बोलीचं, तरी दोन्ही एकमेकांच्या जागी वापरली जातात. जनगणनेत तर खानदेशी हे मोठं शीर्षक आणि अहिराणी, गुजरी या बोली त्याच्या पोटात. 2011 मध्ये या शीर्षकाखाली सुमारे 18 लाख 60 हजार माणसं मोजली गेली. घरात अहिराणी बोलून मातृभाषा 'मराठी' सांगणारा मात्र मराठीतच धरला जातो. म्हणून हा आकडा बोलणाऱ्यांचा समजू नये.

भाषांतराच्या साच्याचा तोटा मोठा. मराठीत विचारलं की उत्तरही मराठीच्या वळणाने येतं, शिकलेला माणूस समोर असला की जास्तच. 'डोया' म्हणणारा 'डोळा' सांगतो. 'तो जातो, ती जाते' असं जोडीने विचारलं तर दोन्हीकडे 'जास' येतं. वर्तमानकाळात लिंगभेद नाही, हे इतकं साधं असूनही सुट्या शब्दांच्या यादीत दिसत नाही.

म्हणून आता आधी बोलतं करतात. भरताची वांगी कशी भाजायची, एवढंच विचारावं. भाजीसन, सोलीसन, ठेचीसन... 'करून'साठीचं '-ईसन' पाच मिनिटांत डझनभर वेळा मिळतं. मग तेच रेकॉर्डिंग बोलणाऱ्यासमोर थांबवत-थांबवत लिहून घ्यायचं: पहिली ओळ जशी ऐकली तशी, दुसरी प्रत्यय तोडून, तिसरी अर्थाची. एका मिनिटाला तासभर सहज जातो. शब्द वेगळा विचारायचाच तर तीनदा म्हणवून घ्यावा. यादी वाचल्यासारखा चढता सूर पहिल्या खेपेला हमखास लागतो.

रेकॉर्डिंग वेव्ह (न दाबलेल्या) फाइलमध्ये, 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट. मोबाइलच्या दाबलेल्या फाइलीत 'स' आणि 'श' यांतला फरक पुसट होतो. मे महिन्यात पंखा बंद करवत नाही, त्यामुळे माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला. बैठक शक्यतो सकाळी, शेताची कामं सुरू व्हायच्या आत.