इंग्रजीचे अपवाद आणि मुंबईत रुजलेलं व्याकरण

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजीचा धाक वाटतो आणि त्याचं खापर बहुतेक वेळा मुलांच्याच माथी फुटतं. पाठांतर कमी पडलं, वाचन नाही, घरी कोणी बोलत नाही, ही ठरलेली कारणं. परळ-लालबागच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मला मात्र सतत जाणवत आलं आहे की त्यांचे प्रश्न अगदी रास्त असतात. 'पुट' आणि 'बट' यांत एकच 'यू', मग उच्चार दोन का? समोर एकच माणूस असला तरी 'यू आर' का? 'नी' म्हणजे गुडघा, त्याच्या आधी 'के' कशासाठी? 'असंच असतं, पाठ कर' या उत्तराने मूल गप्प बसतं, पण शिकत नाही. यांतल्या बहुतेक प्रश्नांना उत्तर आहे. ते व्याकरणाच्या पुस्तकात मिळत नाही, कारण ते इतिहासात आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये वसू लागल्या. त्यांनी आणलेली भाषा ही इंग्रजीची आजी. तिची घडण मराठी माणसाला आजच्या इंग्रजीपेक्षा जवळची वाटली असती. तिच्यात तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि 'बाई' या अर्थाचा एक शब्द चक्क पुल्लिंगी. नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. 'रामाने आंबा खाल्ला' काय किंवा 'आंबा रामाने खाल्ला' काय, खाणारा कोण हे आपल्याला '-ने'वरून कळतं. त्या जुन्या इंग्रजीतही शब्दांना हलायला अशीच बरीच मोकळीक होती.

पुढे उत्तरेकडून व्हायकिंग आले आणि स्थायिक झाले. त्यांची भाषा जवळची होती, पण शब्दांची शेवटं वेगळी. दोन्हीकडची माणसं रोजच्या व्यवहारात बोलू लागली तेव्हा ही शेवटं गळत गेली, असं अनेक अभ्यासक मानतात. प्रत्यय गेले तसा शब्दांचा क्रम घट्ट झाला. कर्ता आधी, क्रियापद मध्ये, कर्म नंतर. आज आपल्या मुलांना वाक्यरचनेचा जो साचा घोटून घ्यावा लागतो, तो या गळतीतून आला.

आर्टिकलही त्याच काळात आकाराला आलं. 'द' हे मुळात 'तो-ती-ते' अशा दर्शक सर्वनामाचं रूप. लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे त्याची कितीतरी रूपं होती, ती सगळी झिजून एकच उरलं. 'अ' आणि 'अ‍ॅन' हे 'एक' या संख्येचे अवशेष. म्हणजे 'अ‍ॅन' आधीचं, आणि व्यंजनापुढे त्यातला 'एन' गळून 'अ' झालं. शाळेत आपण हे नेमकं उलटं शिकवतो. 'अ' हा नियम आणि स्वर आला की 'अ‍ॅन' हा अपवाद.

1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. कोर्टातले वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा व्हायला 1362 साल उजाडलं. मधल्या काळात इंग्रजी लिहिणाऱ्या लेखनिकांना फ्रेंच वळण लागलं होतं. 'क्वीन' या शब्दात 'सी-डब्ल्यू' जाऊन 'क्यू-यू' आलं ते त्यांच्यामुळे. 'सन' म्हणजे मुलगा, 'लव्ह', 'कम' या शब्दांत उच्चार 'अ'सारखा आणि अक्षर 'ओ' का, याचं कारणही त्यांच्या बोरूत आहे. त्या काळच्या हस्ताक्षरात 'यू', 'एन', 'एम', 'व्ही' ही अक्षरं सारख्याच उभ्या फटकाऱ्यांची होती. ती शेजारीशेजारी आली की वाचणारा गोंधळे. म्हणून 'यू'च्या जागी 'ओ' लिहायची सोय काढली गेली. हस्ताक्षर बदललं, सोय राहिली.

पण स्पेलिंगचा खरा घोटाळा छापखान्याच्या काळातला आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. नेमक्या त्याच सुमारास इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा सोडत होते. साधारण 1400 ते 1700 या काळात 'नेम'मधला 'आ'सारखा स्वर 'ए'कडे गेला, 'टाइम'मधला 'ई' 'आय' झाला. छापलेली अक्षरं मात्र होती तिथेच थांबली. ज्या शब्दांत आज आपण मुकी अक्षरं पाहतो, त्यांतली पुष्कळशी तेव्हा बोलली जात होती. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मध्ये 'के'ही ऐकू येई आणि 'जी-एच'चा घशातला आवाजही. 'पुट-बट'चा फरक तर सतराव्या शतकातला, तोही दक्षिण इंग्लंडातला. उत्तर इंग्लंडात आजही अनेकजण हे दोन्ही स्वर सारखेच उच्चारतात. म्हणजे 'बुट' म्हणणारा आमच्या वर्गातला मुलगा एका जुन्या आणि जिवंत इंग्रजी उच्चाराच्या अगदी जवळ असतो.

काही मुकी अक्षरं मात्र कधीच बोलली गेली नाहीत. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' विद्वानांनी लॅटिनशी नातं दाखवण्यासाठी घुसडला. 'आयलंड'मधला 'एस' तसाच चिकटला, आणि तोही चुकीच्या समजुतीने, कारण त्या शब्दाचा लॅटिनशी संबंध नव्हता. 'वुड' आणि 'शुड'मध्ये 'एल' आहे म्हणून 'कुड'मध्येही आला.

हे सगळं कोणी साफ का केलं नाही? फ्रेंचांनी 1635 मध्ये भाषेसाठी अकादमी काढली. इंग्लंडात जोनाथन स्विफ्ट या लेखकाने 1712 मध्ये तशी मागणी केली, पण ती कधी प्रत्यक्षात आली नाही. आपल्याकडे मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये शुद्धलेखनाचे 14 नियम केले, 1972 मध्ये त्यांत 4 जोडले, शासनाने ते स्वीकारले. त्यांच्यावर वाद आहेत, पण बोट ठेवायला एक जागा आहे. इंग्रजीत अशी जागाच नाही.

'यू आर'चं उत्तर आपल्याला तर सहज कळावं. इंग्रजीतही 'तू' होतं, 'दाऊ'. 'यू' हे अनेकवचन. फ्रेंच रीतीने मोठ्या माणसाला अनेकवचनात संबोधायची पद्धत पडली, आपण 'तुम्ही' म्हणतो तशी. मग ती इतकी पसरली की सतराव्या शतकापर्यंत प्रमाण भाषेतून 'दाऊ' जवळजवळ हद्दपार झालं. 'तुम्ही'बरोबर 'आहात' येतं तसं 'यू'बरोबर 'आर' येतं, समोर एक असो की दहा. वर्गात हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आतापर्यंतचे बहुतेक अपवाद कोणी ठरवून केले नव्हते. आता येतात ते ठरवून केलेले नियम, आणि या दोहोंत फरक न करणं हीच मला आपल्या शिक्षणातली मोठी चूक वाटते. 1653 मध्ये जॉन वॉलिस या गणितज्ञाने लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. 'आय'-'वी'बरोबर 'शॅल', इतरांबरोबर 'विल' हा नियम त्यातला. 1672 मध्ये ड्रायडन या कवीने वाक्याच्या शेवटी शब्दयोगी शब्द ठेवण्याला नाव ठेवलं. रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकातल्या आपल्या व्याकरणात दोन नकार मिळून होकार होतो असं बजावलं, जरी चौदाव्या शतकात कवी चॉसर नकारावर नकार खुशाल लिहीत होता. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, हा आग्रह तर एकोणिसाव्या शतकातला. हे नियम इंग्रजीच्या अंगचे नव्हते. काही लॅटिनकडे पाहून आले, काही तर्कशास्त्रातून, काही केवळ आवडीनिवडीतून.

हे सारं एकत्र बांधून जगभर पोचवलं ते लिंडली मरे यांनी. अमेरिकेत जन्मलेले, क्वेकर या ख्रिस्ती पंथातले हे वकील इंग्लंडात यॉर्कजवळ राहायला आले आणि तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी 1795 मध्ये व्याकरण लिहिलं. पुढची कित्येक दशकं इंग्रजी शिकायचं म्हणजे मरे वाचायचा, अशी स्थिती होती.

आणि इथे मुंबई येते. 1827 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईच्या गव्हर्नरपदावरून गेले, तेव्हा इथल्या लोकांनी त्यांच्या नावे इंग्रजी आणि युरोपीय विद्या शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी निधी उभा केला. 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा ते जेमतेम बाविशीचे होते. त्यांच्यापुढे नमुना होता मरे यांचा. मरे शब्दांच्या नऊ जाती सांगतात. आपण शाळेत नाम, सर्वनाम, विशेषणापासून केवलप्रयोगीपर्यंत आठ शिकतो. नववी जात आर्टिकलची, जी मराठीत नाही. नियम शिकता शिकता आपण आपली भाषाही त्या चौकटीतून पाहू लागलो. पूर्णविराम, स्वल्पविराम वगैरे चिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना जातं, तीही इंग्रजीतूनच आली.

दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या मुंबईतल्या घरी 1878 मध्ये विलायतेला निघालेले तरुण रवींद्रनाथ टागोर इंग्रजी सुधारण्यासाठी राहिले होते. त्यांना शिकवलं आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा यांनी. रवींद्रनाथांना इंग्रजी बोलायला शिकवण्यात मुंबईतल्या एका मराठी मुलीचा हा वाटा आपण अधिक वेळा आठवायला हवा.

विसाव्या शतकात उलटा प्रवास झाला. 1930 च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं शालेय व्याकरण आलं. पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले, प्रकाशक मुंबईचे कूपर. भारतभरच्या शाळांत पोचलेलं हे पुस्तक याच शहरातून गेलं, आणि त्याच्यासोबत वॉलिस यांचं 'शॅल-विल'ही गेलं. विलायतेतल्या बोलीत त्या भेदाला फारसा अर्थ उरला नव्हता. इथे त्यावर रिकाम्या जागा भरल्या जात होत्या, गुण कापले जात होते.

अर्जांची भाषा अशीच. 'डू द नीडफुल', म्हणजे 'योग्य ते करावे', हा शब्दप्रयोग एकेकाळी इंग्लंडातल्या पत्रव्यवहारात सर्रास चाले. तिथे तो मागे पडला, इथल्या कचेऱ्यांनी जपला. आज त्याला हसणाऱ्यांना तो भारतीय चूक वाटतो.

मराठीतून येणाऱ्या चुका वेगळ्या, आणि त्यांचीही कारणं स्वच्छ दिसतात. 'मला समजतंय, दिसतंय, आठवतंय' असं आपण सहज म्हणतो, म्हणून 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' होतं. 'विषयावर चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट'. चुलत, मामे, आते, मावस एवढे भेद सांभाळणाऱ्या घरात नुसता 'कझिन' अपुरा पडतो, म्हणून 'कझिन ब्रदर'. 'प्रीपोन', म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेणं, हा आपल्याकडे रूढ झालेला शब्द तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेला.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय 2000 मध्ये झाला, शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे असताना. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, पण शिकवण्याचा क्रम तोच राहिला. आर्टिकल आजही फार लवकर येतं. ज्याच्या भाषेत ते नाही, त्याला ते सगळ्यात उशिरा पक्कं होतं, हे शिकवणारा प्रत्येकजण जाणतो. वांद्र्याच्या काचेच्या इमारतींत मुलाखत घेणारे मात्र एका गळलेल्या 'द'वरून उमेदवार जोखतात. त्या उमेदवाराला हिशेब येतो का, गिऱ्हाइकाचं म्हणणं कळतं का, हे विचारायच्या आधीच त्याच्या नावापुढे फुली पडलेली असते.